वर्गणी कोणी द्यायची? चामुलाची गावकी आणि तिचे प्रोटेस्टंट

मेक्सिकोच्या दक्षिण टोकाला, ग्वातेमालाच्या सीमेला लागून चियापास हे राज्य आहे. 2020 च्या जनगणनेत मेक्सिकोतल्या सुमारे 78 टक्के लोकांनी आपण कॅथलिक असल्याचे सांगितले. चियापासमध्ये हा आकडा 54 टक्क्यांच्या आसपास होता आणि जवळपास एक तृतीयांश लोकांनी प्रोटेस्टंट किंवा इव्हँजेलिकल अशी नोंद केली. देशातल्या दुसऱ्या कोणत्याही राज्यात प्रोटेस्टंटांचे प्रमाण इतके मोठे नाही. हा बदल शहरी मध्यमवर्गातून आलेला नाही. तो मुख्यतः डोंगरातल्या आणि जंगलातल्या माया आदिवासींमध्ये, दोन-तीन पिढ्यांत घडला.

या बदलाची चर्चा साधारण दोन सुरांत होते. एका सुरात अमेरिकी मिशनरी आले, त्यांनी पैसा ओतला आणि आदिवासींची संस्कृती मोडली. दुसऱ्या सुरात अंधश्रद्धेत आणि दारूत बुडालेल्या लोकांना सुवार्ता मिळाली आणि त्यांचा छळ झाला. सान हुआन चामुला या एकाच गावाचे प्रकरण नीट पाहिले तर दोन्ही सूर उथळ वाटतात. 1974 पासून या गावाने प्रोटेस्टंट झालेल्यांना आणि वर्गणी नाकारणाऱ्यांना हजारोंनी हाकलून दिले. चामुलात जे झाले त्यात धर्म होता यात शंका नाही, पण भांडण पेटले ते वर्गणीवरून, असे माझे मत आहे. सणाला पैसे कोण देणार, दारू कोणाकडून घ्यायची, मानाचे पद कोणी नाकारायचे, आणि नाकारणाऱ्याला गावात राहू द्यायचे का, हे त्यातले खरे प्रश्न होते.

गाव आणि देऊळ

चामुला हे सान क्रिस्तोबाल दे लास कासास या जुन्या स्पॅनिश शहरापासून दहा-एक किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून बावीसशे मीटर उंचीवर आहे. भाषा त्सोत्सिल. मधे एक चौक, बाजार, चर्च आणि कचेरी. लोक मात्र आजूबाजूच्या डोंगरांवर पसरलेल्या शंभराहून जास्त वाड्यांवर राहतात. 2010 च्या जनगणनेत या नगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या पाऊण लाखाच्या वर होती. परक्याला, म्हणजे बिगर-आदिवासी मेक्सिकन माणसाला, इथे घर करता येत नाही, हा गावाचा जुना नियम.

चर्च संत योहानाचे. बाहेरून ते कोणत्याही स्पॅनिश चर्चसारखे पांढरे दिसते. आत बाके नाहीत. फरशीवर पाइनच्या हिरव्या सुया अंथरलेल्या असतात आणि त्या बाजूला सारून माणसे जमिनीवर मेणबत्त्यांच्या रांगा लावतात. भिंतीकडेला संतांच्या मूर्ती. इलोल, म्हणजे आपल्याकडचा भगत म्हणा, नाडी बघून आजार सांगतो, अंडी किंवा कोंबडी रोग्यावरून उतरवतो, लयीत प्रार्थना म्हणतो आणि पोश ही उसाची दारू ओतून पिऊन विधी पूर्ण करतो. अलीकडच्या दशकांत पोशच्या शेजारी कोका-कोलाची बाटलीही आली. कॅथलिक पाद्री फार तर बाप्तिस्म्यापुरता येतो. हे देऊळ गावाचे आहे, बिशपचे नाही, ही भावना इथे मुरलेली आहे. 1867 ते 1870 च्या दरम्यान याच डोंगरात ‘बोलणाऱ्या दगडांचा’ पंथ उभा राहिला होता. पेद्रो दियास कुस्कात हा त्याचा पुढारी होता आणि शहरातल्या गोऱ्यांनी तो बंड म्हणून रक्तपात करून चिरडला. आपला देव आपल्या ताब्यात ठेवण्याची सवय चामुलाला तेव्हापासूनची, कदाचित त्याच्याही आधीची.

या सगळ्याचा कणा म्हणजे मानाच्या पदांची साखळी. एखाद्या संताची सेवा वर्षभर एक माणूस करतो. तो मायोर्दोमो होतो, पुढे आल्फेरेस होतो, आणि वर्षभर जेवणावळी, फटाके, वाजंत्री, मेणबत्त्या आणि पोश यांवर खर्च करतो. गावात त्याचा मान वाढतो आणि बहुधा कर्जही. या पदांची वाट बघणारे लोक होते, तशी ती नको म्हणणारेही होते. पण नाही म्हणण्याची मुभा नव्हती. नाव निघाले की सेवा करायची.

परंपरा किती जुनी

इथे जरा थांबायला हवे, कारण हाकलणाऱ्यांनी पुढे सगळे काही ‘आमची परंपरा’ या एका शब्दावर तोलले. पदे जुनी होती हे खरे. पण 1974 मध्ये ती ज्यांच्या मुठीत होती, ती मूठ जेमतेम चाळीस वर्षांची होती.

चामुलाची जमीन अपुरी आणि थंड. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून पुरुष हंगामाला किनाऱ्याकडच्या सोकोनुस्को भागातल्या कॉफीमळ्यांवर जात. गावात येऊन दारू पाजून, आगाऊ रक्कम हातात देऊन माणसे बांधून न्यायची आणि मग ते कर्ज फिटू द्यायचे नाही, ही दलालांची रीत होती. ऊसतोडीचा मुकादम आणि त्याची उचल ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. 1936 मध्ये राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांच्या काळात एरास्तो उर्बिना या अधिकाऱ्याने या मजुरांची संघटना उभी केली. मळेवाल्यांना वेसण बसली. पण संघटना चालवायला, कागद लिहायला स्पॅनिश येणारे आदिवासी हवेत. म्हणून उर्बिनाने प्रत्येक गावातले तरुण, दुभाषी कारकून हाताशी धरले. म्हाताऱ्या मंडळींना हे रुचले नाही. त्यांच्या दृष्टीने पद न केलेल्या पोराने गावाच्या वतीने बोलणे हा आगाऊपणाच होता. तोडगा असा निघाला की कारकुनांनी धार्मिक पदेही करायची. त्याच सुमारास बाहेरच्या व्यापाऱ्यांच्या दारूविक्रीला बंदी आली आणि सणाचा खर्च निघावा म्हणून गावातल्या मानकऱ्यांना विक्रीची मोकळीक मिळाली.

हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की सरकारदरबारची ओळख, देवळातले पद आणि दारूचा गल्ला ही तिन्ही सूत्रे त्याच काही तरुणांच्या हाती आली. साल्वादोर लोपेस तुशुम हे त्यांतले सर्वांत ठळक नाव. हे कारकून पुढे म्हातारे झाले, गावाचे कासीके झाले. कासीके म्हणजे आपल्या भाषेत सांगायचे तर पाटीलकी आणि सोसायटी दोन्ही घरात असलेला माणूस.

1951 मध्ये मेक्सिकोच्या राष्ट्रीय आदिवासी संस्थेने आपले देशातले पहिले केंद्र सान क्रिस्तोबालला उघडले. तिथल्या मानववंशशास्त्रज्ञांनी राज्यातल्या दारूच्या मक्तेदारीविरुद्ध लढा दिला. पेद्रेरो बंधूंचा हा धंदा आणि संस्थेची ही झुंज तिकडे ‘पोशचे युद्ध’ म्हणून ओळखली जाते. काही वर्षांनी तडजोड झाली. संस्थेला दुभाषी शिक्षक लागले, तेव्हा ती माणसे कासीक्यांच्याच घरांतून आली. पुढे ट्रक आले, दुकाने आली, शीतपेयांची एजन्सी आली, व्याजाने पैसे देणे तर होतेच. या बदल्यात कासीके निवडणुकीत सत्ताधारी पीआरआय पक्षाला गठ्ठ्याने मते देत. सरकार त्यांच्या गावात डोके घालत नसे.

म्हणजे 1960 च्या दशकात चामुलातला सण जसा भक्तीचा होता तसा तो बाजारही होता. प्रत्येक प्रार्थनेला मेणबत्ती लागे, प्रत्येक विधीला पोश लागे, प्रत्येक मानकऱ्याला कर्ज लागे, आणि हे सगळे पुरवणारी घरे ठरलेली होती.

सुवार्ता कशी पोहोचली

चियापासमध्ये प्रोटेस्टंट आले ते चामुलाच्या कितीतरी आधी. अमेरिकेतल्या रिफॉर्म्ड चर्चचे जॉन केम्पर्स 1925 मध्ये राज्यात आले आणि त्यांनी प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळ्या, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्यांचे गट, बांधल्या. दुसरा प्रवाह विल्यम कॅमेरॉन टाउनसेंड यांच्या समर इन्स्टिट्यूट ऑफ लिंग्विस्टिक्सचा. चर्चच्या सत्तेला विरोध करणाऱ्या कार्देनास यांनी याच संस्थेला देशात वाव दिला, ही इतिहासातली गंमतच. संस्था अधिकृतपणे भाषाशास्त्राची. काम लिपी बसवणे, शब्दसंग्रह करणे आणि नवा करार आदिवासी भाषांत उतरवणे. मारियाना स्लोकम यांनी शेजारच्या त्सेल्ताल लोकांत काम केले आणि ओश्चुकच्या बाजूला 1950 च्या दशकात मोठ्या संख्येने लोक प्रोटेस्टंट झाले. चामुलाने मात्र परक्याला शिरू दिले नाही. केनेथ जेकब्स आणि त्यांच्या पत्नीने सान क्रिस्तोबालमध्ये राहून, शहरात आलेल्या चामुला माणसांच्या मदतीने भाषांतराचे काम केले. पुढचा प्रसार त्सोत्सिल माणसांनीच केला. वाडीवर जाऊन बोलणारा माणूस तिथलाच कोणाचा मेव्हणा असे.

लोक का वळले? मला यात सर्वांत मोठे कारण आजारपण दिसते. घरात मूल आजारी पडले की इलोलला बोलावायचे. त्याला कोंबड्या, मेणबत्त्या, पोश, जेवण लागते. एकदा नाही उतरले तर पुन्हा सगळे नव्याने. आजार हा बहुधा कोणीतरी वाईट चिंतल्यामुळे झाला असे निदान निघे, म्हणजे कर्जाच्या जोडीला शेजाऱ्याशी वैरही. प्रोटेस्टंट भाऊ मात्र येऊन फुकट प्रार्थना करी, गोळी देई, दवाखान्यात नेई. आणि आता तुला कोणाच्या जादूटोण्याची भीती नाही, असेही सांगे. या शेवटच्या वाक्याची किंमत बाहेरून पाहणाऱ्याला कळत नाही.

दुसरे कारण दारू, आणि इथे बायका आल्या. पोश हे पवित्र पेय होते. पण ते नाकारता येत नसल्यामुळे विधीत प्यायलेला पुरुष विधीबाहेरही पीत राही. मजुरीचे पैसे चौकातच संपत. मारहाण होई. नव्या मंडळीत दारू पूर्ण बंद. ज्या घरात नवरा दारूतून सुटला त्या घरातली बाई शेजारणीला हे सांगणारच. अनेक कुटुंबांत आधी बायको वळली, मागून नवरा. विधवा आणि सोडून दिलेल्या बायकांना तर जुन्या व्यवस्थेत पदही नव्हते आणि आधारही नव्हता, आणि त्यांना दर आठवड्याला जमणारा घोळका मिळाला.

वाचता येणे हे तिसरे कारण. त्सोत्सिलमध्ये छापलेला मजकूर हातात पडण्याचा अनेकांचा पहिला प्रसंग बायबलाचा होता. सरकारी शाळा स्पॅनिश शिकवायला निघाली होती आणि परदेशी मिशन त्सोत्सिल छापत होते. संस्कृती कोणी मोडली या प्रश्नाचे उत्तर देताना एवढी गोष्ट लक्षात असावी.

अमेरिकी पैसा होताच. त्यामागच्या राजकारणाबद्दलही मेक्सिकोत बराच गदारोळ झाला. 1979 मध्ये मानववंशशास्त्रज्ञांच्या दबावानंतर शिक्षण खात्याने समर इन्स्टिट्यूटशी असलेला करार रद्द केला. पण करार गेला तरी वाढ थांबली नाही. उलट पुढच्या दशकांत पेंटेकोस्टल, अॅडव्हेंटिस्ट आणि इतर अनेक मंडळ्या फोफावल्या. परक्या संस्थेचा हात काढून घेतल्यावरही जे वाढत राहते, त्याची मुळे गावातच शोधावी लागतात.

नकार महागात पडतो

चामुलातून हाकलला गेलेला पहिला धार्मिक गट प्रोटेस्टंटांचा होता असे सरसकट सांगितले जाते. ते पुरते खरे नाही. 1960 च्या दशकात बिशप सामुएल रुइस यांच्या धर्मप्रांतानेही चामुलात मिशन उघडले होते. पाद्री लेओपोल्दो एर्नांदेस वाड्यांवर प्रार्थनास्थळे बांधू लागले, सहकारी संस्था काढू लागले, पोशवर टीका करू लागले. 1969 मध्ये गावाने त्यांनाही बाहेर काढले. कॅथलिक पाद्री कॅथलिक गावातून जातो तेव्हा भांडण पंथाचे नाही हे उघड व्हायला हवे होते.

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला गावातल्या असंतुष्टांनी थेट निवडणुकीतून कासीक्यांना आव्हान दिले. त्यांत प्रोटेस्टंट होते, मिशनच्या वळणाचे कॅथलिक होते आणि ज्यांना धर्माशी फारसे देणेघेणे नव्हते पण वर्गणीचा हिशेब हवा होता असेही होते. ऑक्टोबर 1974 मध्ये सान क्रिस्तोबालला बिशप रुइस यांच्या पुढाकाराने आदिवासींचे मोठे संमेलन भरले. हवा तापलेलीच होती. त्याच वर्षी चामुलात पहिली मोठी हकालपट्टी झाली. 1976 मध्ये दुसरी, पहिलीपेक्षा मोठी. नंतर तो प्रघातच पडला.

पद्धत साधारण ठरलेली असे. आधी सणाची वर्गणी मागायची. दिली नाही की पाणी आणि वीज तोडायची, मुलांना शाळेतून घालवायचे. मग माणसाला धरून चौकातल्या तुरुंगात टाकायचे. शेवटी ट्रकमध्ये घालून सान क्रिस्तोबालच्या वेशीवर सोडायचे. मागे घर जळे, मेंढ्या आणि मका लुटला जाई आणि जमीन दुसऱ्याच्या ताब्यात जाई. आपल्याकडे वाळीत टाकलेला माणूस निदान गावात राहतो. इथे गावच हिरावले जाई. एकूण किती लोक गेले याचे अंदाज वीस हजारांपासून तीस हजारांच्या पुढे जातात. तीन दशकांतला हा आकडा एका नगरपालिका क्षेत्रासाठी प्रचंड आहे.

सगळे हाकलणारे लबाड होते असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. सामान्य चामुला माणसाची भीती खरी होती. संतांची सेवा थांबली तर पाऊस, पीक, सूर्य यांचा तोल बिघडेल असे त्याला मनापासून वाटे. त्याच्या जगात सूर्य आणि ख्रिस्त एकच आहेत. चार घरांनी हात काढला तर उरलेल्यांवर भार वाढतो, हा हिशेबही साधा आणि बरोबर होता. शेजारी देवळातल्या मूर्तींना लाकडाचे ठोकळे म्हणतो तेव्हा राग येणारच, आणि नवे धर्मांतरित जिभेला फार लगाम घालत नसत. कासीक्यांनी ही भीती पेटवली आणि स्वतःच्या धंद्यासाठी वापरली, पण ती त्यांनी निर्माण केली नव्हती.

मिगेल गोमेस एर्नांदेस, ज्याला गाव ‘काश्लान’ म्हणत असे, हा प्रेस्बिटेरियनांचा सुरुवातीचा पुढारी. हाकललेल्यांना जमीन मिळवून देण्यात त्याचा मोठा वाटा होता. 1981 मध्ये त्याला पळवून नेऊन क्रूरपणे मारण्यात आले. शहरातल्या वस्त्यांमध्ये त्याची आठवण हुतात्म्याची आहे.

शहराच्या कडेला

हाकललेले लोक गेले कुठे? बरेचसे दहा किलोमीटरवरच थांबले. सान क्रिस्तोबालच्या उत्तरेकडच्या चिखलाट जागेत 1970 च्या दशकात नुएवा एस्पेरांसा, म्हणजे नवी आशा, ही वस्ती उभी राहिली. चर्चच्या मदतीने जमीन विकत घेतली गेली, प्लॉट पडले. मागून ला ओर्मिगा आली. तेओपिस्काच्या बाजूला बेतानिया वसले. पालेस्तिना, गेत्सेमानी अशी नावे पाहिली की कोण राहते ते कळते. सान क्रिस्तोबाल हे स्वतःला स्पॅनिशांचे वारस समजणाऱ्यांचे शहर. तिथे काही दशकांपूर्वीपर्यंत आदिवासी माणसाने पदपथावरून उतरून वाट द्यावी अशी रीत होती. त्या शहराला आता त्सोत्सिल बोलणाऱ्या वस्त्यांचा वेढा पडला.

धर्मांतराने आदिवासीपण पुसले जाते, असे ज्यांनी भाकीत केले होते त्यांची इथे पंचाईत होते. वस्तीत त्सोत्सिल टिकली. बायकांचा काळा लोकरी घागरा टिकला. बायका तो घालून सान्तो दोमिंगो चर्चच्या आवारात विणकाम विकायला बसल्या. लग्ने चामुला माणसांतच होत राहिली. निर्णय सभेत, सर्वांच्या होकाराने घ्यायचे, आणि निर्णय झाला की सर्वांनी पाळायचा, हेही टिकले. सामुदायिक कामाला दांडी मारणाऱ्याला दंड बसे, अगदी गावासारखाच. पोश गेला, संत गेले, मृतांच्या दिवसाचा थाट गेला. इलोलकडची झाडपाल्याची विद्या बऱ्याच घरांतून गेली, आणि हे शेवटचे नुकसान मी हलके मानत नाही. पण माणसे आपल्याला चामुलाच म्हणवत राहिली.

1980 च्या दशकात त्यांनी चर्चच्या पलीकडची संघटना केली. तिचे नाव क्रियाच, म्हणजे उंच प्रदेशातल्या आदिवासी प्रतिनिधींची परिषद. दोमिंगो लोपेस आन्खेल हा अॅडव्हेंटिस्ट माणूस तिचा पुढारी. तिने सरकारी कचेऱ्यांवर मोर्चे नेलेच, पण बाजारातल्या जागा, टॅक्सीचे परवाने, वस्तीला वीज आणि नळ या गोष्टींसाठीही शहराशी भांडण केले. कास्तियो तिएलेमान्स मंडईत भाजीपाला, फुले, फळे यांच्या व्यापारात चामुला माणसांचे पारडे जड झाले. कॉफीचे भाव 1989 नंतर कोसळले, मळ्यांवरचे काम आटले, तेव्हा शहरात आधी येऊन पडलेले हे लोक गावात राहिलेल्यांपेक्षा काही बाबतींत बरे होते.

वर्गणीचा प्रश्न मात्र पिच्छा सोडत नव्हता. मंडळीत दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, द्यायचा. संघटनेला हप्ता द्यायचा. पाद्री आणि पुढारी यांच्यात भांडणे, मग फूट, मग नवी मंडळी. एकाच माणसाने आयुष्यात तीन-चार पंथ बदलल्याची उदाहरणे या वस्त्यांत विरळ नाहीत. काही जण मधेच पुन्हा पिऊ लागले आणि निघून गेले. 1990 च्या दशकाच्या मध्याला स्पेनमधून आलेल्या मुराबितून पंथाच्या मुस्लिम प्रचारकांना पहिले अनुयायी मिळाले ते याच हाकललेल्यांमध्ये, आणि लोपेस आन्खेलही त्यांत होता. डोक्यावर रुमाल बांधलेल्या त्सोत्सिल मुसलमान बायका बघायला पत्रकार येतात. मला त्यात फारसे नवल वाटत नाही. गावाचा धर्म सुटला की धर्म ही निवडीची गोष्ट होते, आणि निवड एकदाच करावी असे कोण सांगणार?

कायदा असून

मेक्सिकोच्या राज्यघटनेचे 24 वे कलम धर्मस्वातंत्र्य देते. मग तीस वर्षे हे चालले कसे? सरकारचे ठरलेले उत्तर असे की आदिवासी गावांच्या चालीरीतींत ढवळाढवळ करता येत नाही. 1990 मध्ये मेक्सिकोने आदिवासी हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा (आयएलओ) 169 वा, मान्य केला. 1992 मध्ये देश बहुसांस्कृतिक असल्याचे घटनेत लिहिले गेले. या दोन्ही गोष्टी आदिवासींच्या दीर्घ लढ्यातून आलेल्या होत्या, आणि चामुलाच्या कासीक्यांनी त्यांची भाषा झटकन उचलली. गठ्ठामते देणाऱ्या पुढाऱ्याला दुखवायचे नाही, हे साधे राजकारण ‘चालीरीतींचा आदर’ या सभ्य वेष्टनात गुंडाळता आले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 1990 च्या दशकात या हकालपट्ट्यांवर अहवाल काढले. अटका मात्र फारशा झाल्या नाहीत.

1993 मध्ये हाकललेले काही शे लोक आदिवासी व्यवहार खात्याच्या सान क्रिस्तोबालमधल्या कचेरीच्या आवारातच तळ ठोकून बसले आणि जवळपास वर्षभर हलले नाहीत. तेवढ्यात 1 जानेवारी 1994 ला झापातिस्तांनी, म्हणजे आदिवासींच्या सशस्त्र बंडखोर संघटनेने, शहर ताब्यात घेतले. त्या उठावाकडे जगाचे लक्ष गेले ते योग्यच. पण चामुलाच्या प्रकरणावर त्याचा परिणाम वेगळ्या वाटेने झाला: सरकारचा धाक ओसरला, शहराभोवतालच्या रिकाम्या जमिनी लोकांनी बळकावून वस्त्या वाढवल्या, आणि हाकललेल्यांचे गट परत गावात घुसू लागले. आर्बेन्सा वाडीवर परतलेले प्रोटेस्टंट या वेळी हात जोडून उभे राहिले नाहीत. 1995 मध्ये तिथे गोळीबार झाला आणि माणसे मेली, दोन्ही बाजूंची. गाल पुढे करणारे ख्रिस्ती ही प्रतिमा मिशनच्या पत्रकांत राहिली.

चियापासमधला प्रत्येक रक्तपात या एका साच्यात बसवू नये. 22 डिसेंबर 1997 ला शेजारच्या चेनालोमधल्या आक्तेआल इथे 45 त्सोत्सिल कॅथलिकांची हत्या झाली आणि आरोपींत प्रेस्बिटेरियन होते. तिथे ताण झापातिस्त, सत्ताधारी पक्ष आणि जमिनीचा होता. प्रोटेस्टंट तिथे छळलेले नव्हते. पंथ पाहून कोण बळी आणि कोण गुन्हेगार हे ठरवणारा वाचक चियापासमध्ये हमखास फसतो.

तडजोड

आर्बेन्सानंतर हळूहळू अनेक वाड्यांवर प्रोटेस्टंट परतले किंवा ज्यांनी नव्याने धर्म बदलला ते तिथेच राहिले. काही ठिकाणी प्रार्थनास्थळेही उभी राहिली. यामागे कासीक्यांचे हृदयपरिवर्तन शोधू नये. गावात राहणाऱ्या आणि शहरात गेलेल्या कुटुंबांचा व्यापार आता एकमेकांत गुंतला होता. चामुलाची फुले आणि भाजी ज्या मंडईत उतरत होती तिथे गाळा हाकललेल्या चुलत भावाचा. दारूचा गल्लाही पूर्वीइतका एकाच्या हातात राहिला नव्हता. अमेरिकेला मजुरीला गेलेल्या पोरांचा पैसा येऊ लागला, तो कासीक्याला विचारून येत नव्हता.

उंच प्रदेशातल्या गावांमध्ये जे समझोते होतात त्यांचा गाभा एका ओळीचा असतो. वर्गणी दोन भागांत मोडायची. रस्ता, नळ, शाळा, कचेरी यांची वर्गणी आणि श्रमदान प्रत्येक घराने द्यायचे, धर्म कोणताही असो. फटाके, मेणबत्त्या, पोश आणि वाजंत्री यांची वर्गणी मात्र ज्याला द्यायची त्याने द्यायची. कागदावर हे स्वच्छ दिसते. व्यवहारात चौकाची डागडुजी सणासाठी आहे की सर्वांसाठी, शाळेच्या समितीत नेमलेल्या माणसाने संताच्या मिरवणुकीपुढे चालायचे की नाही, असल्या सीमारेषेवरच्या बाबींवरून भांडणे पेटतात. पाणी तोडल्याच्या, वीज कापल्याच्या तक्रारी राज्यातल्या आदिवासी गावांतून अजूनही येतात. त्या तक्रारींच्या कागदावर ‘धार्मिक असहिष्णुता’ असे शीर्षक असते आणि आत बहुतेक वेळा एक रक्कम लिहिलेली असते.